बावीस पैशांचा दर

"जरा दम धरा, मॅडम. आत्ताच पाणी दिलंय, टेप भिजल तुमची."

एवढं बोलून कारभारी अण्णा हातातल्या लांब काठीनं गवतावरचं पाणी झटकत माझ्यापुढं चालू लागले. एक पट्टा कोरडा झाल्यावर त्यांनी टेपचं दुसरं टोक आपणहून हातात घेतलं, कुंपणाच्या खांबाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "ओढा."

ही गोष्ट दोन हजार चार सालच्या मार्चमधली. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग करणारा एक मोठा कारखाना होता. त्याचं नाव घ्यायची गरज नाही. कारखान्यापुढं लाखभर चौरस फुटांचं लॉन होतं आणि कारभारी गांगुर्डे ते एकोणीस वर्षं कंत्राटानं सांभाळत होते. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. हातात उद्यानविद्येची पदवी, नाशिकरोडला भाड्याच्या जागेत एक छोटी रोपवाटिका आणि पाच-सहा बंगल्यांच्या बागांची कामं. बंगलेवाले महिन्याचे तीनशे रुपये द्यायलाही चार खेपा घालायला लावायचे. कारखान्याचं एक काम मिळालं असतं तर माझं बस्तान बसलं असतं. म्हणून खरेदी विभागाच्या जहागीरदार साहेबांचा फोन आला तशी मी दुसऱ्याच दिवशी सकाळी मोजमापाला जाऊन उभी राहिले.

"ऑफिसात नव्या लागलात का?" टेप गुंडाळता गुंडाळता अण्णांनी विचारलं.

"मोजणीला आलेय," मी म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण त्यांनी त्याचा जो अर्थ घेतला तो खरा नव्हता, आणि मी तो दुरुस्त केला नाही.

दोन तास ते माझ्याबरोबर फिरले. पोर्चपुढचा गोल कसा मोजायचा ते त्यांनी दाखवलं. फुलांचे वाफे वजा करायला लावले. "त्याचे पैशे मी लावत नाय. मापात खोट नको," म्हणाले. फाटकाजवळचा उतार मी वरवर मोजत होते, तर त्यांनी मला परत फिरवून तो नीट मोजायला लावला. लॉनच्या पलीकडच्या टोकाला नऊ बाया एका ओळीत बसून खुरप्यानं काहीतरी काढत पुढं सरकत होत्या. "ती शेवटची आमची मंडळी, सोजर," अण्णा म्हणाले. "बाकीच्या आठ आमच्याच मुसळगावच्या."

मी त्या बायांकडं पाहिलं, आणि मग गवताकडं. इतकं स्वच्छ मेक्सिकन लॉन मी विद्यापीठाच्या आवारातही पाहिलं नव्हतं. एक वेगळं पातं म्हणून दिसत नव्हतं.

"तण अजिबात नाही इथं," मी म्हणाले.

"दिसलं तर मग आम्ही कशाला?" अण्णा हसले.

मी वहीत लिहिलं: तण नगण्य.

---

जहागीरदार साहेबांनी चहा मागवला आणि दार लोटून घेतलं. पन्नाशीचा, मऊ आवाजात बोलणारा माणूस. कुणावर कधी चिडला असेल असं वाटायचं नाही.

"मॅडम, तुमच्यासारख्या शिकलेल्या लोकांनी या धंद्यात यायला पाहिजे. हे जुने लोक तेच ते करत बसतात. छत्तीस पैसे फूट घेतो तो म्हातारा. लाख फुटांचे महिना छत्तीस हजार. आता मला सांगा, गवत कापायला छत्तीस हजार?"

"बघते मी हिशेब करून," मी म्हणाले.

"करा. पंचविसाच्या आत आलात तर मला वर बोलता येईल. त्याच्या वर असेल तर कोटेशन देण्याची तसदीही घेऊ नका."

घरी येऊन मी आधी पाटी कोरी ठेवूनच हिशेब मांडला. दोन माणसं, कापायचं मशीन, पेट्रोल, खत, पाण्याच्या पाइपांची दुरुस्ती. नऊ बाया धरल्या की आकडा तीसच्या खाली येत नव्हता, मग माझ्या हाती काही पडो न पडो. चार धरल्या तरी पंचवीस ओलांडत होता. दोन दिवस मी त्या कागदाशी झटापट केली. तिसऱ्या दिवशी उलटं केलं. खाली बावीस लिहिले आणि त्यात बसेल तेवढंच वर ठेवलं. बायांच्या मजुरीची ओळ खोडली आणि त्या जागी लिहिलं: 'तण नियंत्रण, शास्त्रीय औषध फवारणीद्वारे, महिना बाराशे रुपये.'

ते वाक्य लिहिताना माझ्या मनात कुठलंही औषध नव्हतं. काम मिळू दे, पुढचं पुढं बघू, एवढंच होतं. बावीस पैशांत मी ते लॉन कसं सांभाळणार होते, असं मला कुणी त्या दिवशी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कुणी विचारलं नाही. माझ्या नावाचा शिक्का मारून मी तो कागद पाठवून दिला.

एप्रिल उजाडला तरी निरोप नाही. मी फोन केला.

"मॅनेजमेंटनं जुन्याच पार्टीकडं काम ठेवायचं ठरवलं," जहागीरदार म्हणाले. "पण तुमचं कोटेशन फार उपयोगी पडलं, मॅडम. थँक यू."

मला राग आला. म्हाताऱ्यानं आत कुणाला तरी धरून ठेवलं असणार, असंच मला वाटलं. 'उपयोगी पडलं' या दोन शब्दांवर मी थांबलेसुद्धा नाही. आठ-दहा दिवस चडफडले आणि पुन्हा बंगल्यांच्या कुंड्यांमागं लागले.

---

सप्टेंबरच्या मध्यावर, दुपारी जेवण करून मी रोपवाटिकेत पिशव्या भरत होते. फाटकाशी दोघं उभी दिसली. कारभारी अण्णा आणि त्यांच्या मागं सोजरबाई. अण्णा सहा महिन्यांत इतके वाळले होते की मी त्यांना चेहऱ्यावरून नाही, आवाजावरून ओळखलं.

"मॅडम, वळखलं का? टेप धरली व्हती तुमची."

मला वाटलं, भांडायला आले. मी खुर्च्या पुढं केल्या. सोजरबाई खुर्चीत बसल्या नाहीत, खाली पोत्यावर बसल्या. त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

अण्णांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. माझ्या कोटेशनची झेरॉक्स. घड्यांवर ती फाटायला आली होती.

"सायबानं हा कागद माझ्यापुढं ठिवला," ते म्हणाले. "म्हनाला, कारभारी, ही बाई बावीसला तयार हाय. तू करतोस का बावीसला, नायतर जा. मी कागद घरी न्हेला. पुतन्याकडनं वाचून घेतला. चार दिस इचार केला. म्हनलं, शिकलेली बाई हाय, उगाच लिहिनार नाय. तिला जमतंय तर आपल्याला का जमू नये? एकोनीस वर्सं हाय मी तिथं. अन् मी सोडलं तर त्या आठ बाया कुठं जातील? घेतलं मी बावीसला."

जहागीरदारांचे ते दोन शब्द मला तेव्हा कळले. मला काम द्यायचं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. त्यांना फक्त एक आकडा हवा होता आणि तो मी शिक्का मारून दिला होता.

"पर बसत नाय, मॅडम," अण्णा सांगत होते. "सहा बाया कमी केल्या. त्यांना म्हनलं, जरा थांबा, मी शिकून घेतो मग बोलावतो. एक मशीन इकलं. आता मी, ही, अन् दोन बाया. उजाडायच्या आत जातो. पावसाळ्यात लव्हाळा आला. तुम्ही बघितलं तवा नव्हता, बाया रोज काढायच्या म्हनून. आता चौघांच्यानं आवरत नाय. वरून उपटला की खाली गाठ ऱ्हाती, आठ दिसांत परत उभा. म्हनून म्हनलं, मॅडमलाच जाऊन इचारावं." त्यांनी कागद माझ्यापुढं धरला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे औषध कंचं, तेवढं सांगा. माझं सगळं तेवढ्यावर अडलंय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा असता तर मी वाचले असते. पण तसं काही नव्हतं. शिकायला आलेल्या माणसासारखे ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

त्या वेळी खरं सांगायला मला एकच वाक्य पुरलं असतं. अण्णा, असं औषध नाही, मी तो आकडा आधी लिहिला आणि हिशेब मागून जुळवला. ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलंही. मग मी त्यांच्यामागं लावलेल्या माझ्या पाटीकडं पाहिलं. माझं नाव, त्यापुढं पदवी. मी म्हणाले, "थांबा, लिहून देते."

मी एका तणनाशकाचं नाव लिहून दिलं. रुंद पानांच्या तणावर ते चालतं, लव्हाळ्यावर चालत नाही, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

"किती टाकायचं?" अण्णांनी विचारलं.

"डब्यावर लिहिलेलं असतं," मी म्हणाले. आणि मग, त्यानं काहीच झालं नाही तर ते पुन्हा येतील या भीतीनं की काय, मी पुढं म्हणाले, "एकदम नाही गेलं तर थोडी मात्रा वाढवून बघा."

अण्णांनी चिठ्ठी कागदाच्या घडीत ठेवली. उठताना त्यांनी हात जोडले. सोजरबाई तेवढा वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या. जाताना वळून त्यांनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. त्यांना मी कळले होते असं मला त्या क्षणी वाटलं.

---

नोव्हेंबरात जहागीरदारांचा फोन आला. आवाज तसाच मऊ.

"मॅडम, तुमची वेळ आली. म्हाताऱ्याला काढला. काय फवारलं कुणास ठाऊक, पोर्चपुढचं अर्धं लॉन जाळून ठेवलंय. नेमके त्याच आठवड्यात बाहेरचे पाहुणे आले. या तुम्ही. बावीसचा कागद आहेच माझ्याकडं."

मी गेले. का गेले, ते मलाही नीट सांगता येणार नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय राहवलं नाही एवढं खरं. पोर्चपुढचा गोल, जो अण्णांनी मला मोजायला शिकवला होता, तो वाळक्या पेंढ्याच्या रंगाचा झाला होता. आणि त्या मेलेल्या गवतातून लव्हाळा वर आला होता. हिरवागार, तरतरीत, बोट-बोट उंचीचा.

एका ठिकाणी मी खाली बसले आणि हातानं माती उकरली. करंगळीएवढ्या खोलीवर एक काळी गाठ लागली. तिच्याखाली मुळाच्या दोऱ्याला दुसरी. मी उकरत गेले. खुरपं नव्हतं, नखांत माती भरली. वीतभर जागेतल्या गाठी काढायला मला पाऊण तास लागला, आणि तरी खाली काही उरल्या असणार. मी घड्याळ बघून मनातल्या मनात लाख फुटांचा हिशेब करू लागले. मार्चमध्ये करायचा तो हिशेब मी नोव्हेंबरात केला.

आत जाऊन मी जहागीरदारांना सांगितलं, "छत्तीस पैसे लागतील. पहिलं वर्ष चाळीस."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. "तुम्हीच बावीस लिहून दिले होते."

"चुकीचे लिहिले होते."

"मग राहू द्या," ते शांतपणे म्हणाले. "चाळिसानं गवत लावण्यापेक्षा पेव्हर ब्लॉक टाकलेले बरे. एकदाच खर्च, पुन्हा कटकट नाही." आणि त्यांनी समोरच्या वहीत तसं लिहूनही घेतलं.

---

तिथून मी थेट मुसळगावला गेले. घर शोधायला वेळ लागला नाही, गवतवाले कारभारी म्हटल्यावर कुणीही दाखवत होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा पडवीवजा आडोसा. अण्णा पडवीत बाजेवर बसले होते. मला पाहून गडबडीनं उठले.

"मॅडम, तुम्ही? अहो, निरोप धाडायचा, मी आलो असतो." मग माझ्याआधी तेच बोलू लागले. "तुमचं नाव खराब केलं मी. औषध तुम्ही बरोबर सांगितलं असनार, माझ्याच हातनं मात्रा जास्ती झाली. पयल्यांदा काय फरक पडंना, म्हनून दुप्पट टाकली. सायबाला तुमचं नाव नाय सांगितलं मी. तुम्ही घोर करू नका."

मी बाजेच्या कडेला बसले.

"अण्णा, ते औषध लव्हाळ्यावर चालतच नाही. मला माहीत होतं."

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. मोजणीच्या दिवशी मी त्यांचंच काम मिळवायला आले होते आणि ते मुद्दाम लपवलं, हे सांगितलं. आकडा आधी लिहिला आणि बायांची ओळ खोडली तेही. बावीस पैशांत ते लॉन राखणं कुणालाच जमलं नसतं, मलाही नाही, माझ्या प्राध्यापकांनाही नाही. मी थांबत थांबत सांगत होते आणि ते एका जागी बसून ऐकत होते, गावातल्या कुणाच्या तरी मयताची बातमी ऐकावी तसे.

"म्हंजी हिशेब बसत नव्हताच?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

"कसाही केला तरी?"

"कसाही केला तरी."

"अन् त्या सहाजणींना मी म्हनलं व्हतं, शिकून घेतो," ते स्वतःशीच बोलले. "अजून इचारतात. रस्त्यात भेटल्या की इचारतात, अण्णा, कवा यायचं."

सोजरबाई कधी दारात येऊन उभ्या राहिल्या ते आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसले. बोटं आता उघडी होती. पेरांवर सुजलेली, दोन नखं काळी पडलेली. त्या नवऱ्याकडं न बघता माझ्याशी बोलल्या, आणि मी त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"बाई, सहा महिने हे मला म्हनत व्हते, तुझा हात चालत नाय. तू मन लावून करत नाय म्हनून बसत नाय. ती बाई बावीसमंदी करती, तू कामचुकार. चाळीस वर्सांत कधी वाकडं बोलले नव्हते. भादव्यात एक दिस त्या गवतात सगळ्यांदेखत माझ्या हातातलं खुरपं हिसकून घेतलं."

अण्णांनी मान खाली घातली.

"मलाबी तसंच वाटाया लागलं व्हतं," सोजरबाई म्हणाल्या. "वाटलं, म्हातारी झाले, माझ्याच हाताला काय तरी झालंय."

"नाही, काकू. तुमच्या हाताचा काही दोष नव्हता," मी म्हणाले.

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

मी अण्णांकडं वळले. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत ते उठले, कोपऱ्यातली घागर उचलली आणि पाणी आणायला निघून गेले. घागर भरलेली होती. पायरी उतरताना ती डचमळली आणि त्यांच्या धोतरावर सांडली, तरी ते थांबले नाहीत.

आम्ही दोघी पडवीत बसून राहिलो. ऊन उतरलं, तरी ते आले नाहीत. सोजरबाईंनी मला चहा विचारला नाही, जा असंही म्हणाल्या नाहीत. शेवटची एसटी चुकू नये म्हणून मी उठले. फाट्याकडं जाताना विहिरीच्या काठावर ते पाठमोरे बसलेले दिसले, घागर शेजारी. मी हाक मारली. त्यांनी मागं बघितलं नाही.

पुढच्या महिन्यात कारखान्यापुढं पेव्हर ब्लॉक पडले. अण्णा त्यानंतर दोन वर्षांनी गेले, असं मला बऱ्याच उशिरा कळलं. ते कळल्यावर मी सोजरबाईंना भेटायला गेले. पडवीत बसून त्या कांद्याची प्रतवारी करत होत्या, मजुरीवर. मी विचारलं, शेवटी अण्णा काही बोलले का, त्या हाताबद्दल.

"नाय," त्या म्हणाल्या, आणि पुढचा कांदा उचलला.